भिंतीसाठी चार ओळी

“कमी तिखट झालंय,” कोच प्रुइट म्हणाले आणि त्यांनी लेख टेबलावर आपटला.

कॅसिडी गालातल्या गालात हसली. कमी तिखट? कॉलेज फुटबॉलच्या त्यांच्या साखळीतल्या एकेका संघाची तिनं सालटी काढली होती. लार्कस्परचा बचाव म्हणजे उघडं फाटक, गुरंसुद्धा आत येतील. बक्सटनचा क्वार्टरबॅक चेंडू फेकण्याआधी केस नीट करतो, तोवर तिघं त्याच्या अंगावर. फोर्ट मेसनला नवा कोच मिळालाय, आता फक्त खेळाडू मिळायचे राहिलेत. मोसमाआधीचा हा लेख कॉलेजच्या पेपरात पहिल्यांदाच एका मुलीकडे आला होता, आणि छापायच्या आधीच अर्ध्या वसतिगृहाला पाठ होता.

“सगळ्यांना धू धू धुतलंस. आणि आपल्या विलो बेंडची पाळी आली की म्हणे ‘किकरनं थोडी मेहनत घ्यावी’! गुलाबपाणी शिंपडतेस का पोरी?”

“आपला एमेट आहे ना तो, कोच.”

“म्हणूनच तर सांगतोय.”

कोचची भिंत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. कपडे बदलायच्या खोलीत, दाराशेजारी. संघाला नावं ठेवणारं जे जे छापून येई, ते कोच तिथं डकवत. पोरांनी येता-जाता वाचायचं, धुमसायचं आणि शनिवारी मैदानात वचपा काढायचा. गेल्या वर्षी कुणीतरी धिप्पाड डेंटनला ‘भिजलेली गादी’ म्हटलं होतं. त्यानं मोसमभर समोरच्यांची हाडं खिळखिळी केली.

“पोरगा सोन्यासारखा आहे,” कोच खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “पण गेल्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात खांबांमधून मारायची किक हुकली आणि बिचकला तो. माझं ऐकत नाही. तू पेटव त्याला. आणि मी सांगितलं हे त्याला कळता कामा नये हं. कळलं की औषध लागू पडत नाही.”

कॅसिडीची छाती फुगली. ज्या माणसाला बघून गावचा महापौर टोपी काढतो, तो तिच्याकडे मदत मागत होता! तिनं तिथल्या तिथं पेन काढलं.

‘विलो बेंडकडे किकर आहे असं म्हणतात. पुरावा अजून हाती आलेला नाही. एमेट लिंडक्विस्टसाठी गोलपोस्टचे दोन खांब एकमेकांपासून चार शेतं दूर रोवले, तरी चेंडू शेजारच्या मक्यातच जाईल. मक्याला मात्र तो कधी चुकत नाही.’

कोच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

गुरुवारी लेख आला. दुपारपर्यंत गाव हसत होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात वाढपिणीनं एमेटच्या ताटात उकडलेलं कणीस ठेवलं. “घे बाबा, तुझ्या चाहत्यांकडून!” धान्याच्या कोठारावर त्याच्या वडिलांना सोबत्यांनी विचारलं, “काय लिंडक्विस्ट, यंदा चेंडूंचं पीक कसं काय?” वडील हसले म्हणे. मग लवकर घरी गेले.

संध्याकाळी एमेट वाचनालयाच्या पायऱ्यांवर तिची वाट बघत होता. पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात ती गटांगळ्या खात होती, तेव्हा रोज तिच्याशेजारी बसून त्यानंच तिला पास केलं होतं. त्याला शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. घराण्यातला कॉलेजात पाऊल टाकणारा तो पहिलाच, तेही फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर.

“एक विचारू? खरं सांग.”

“विचार ना.”

“गंमत म्हणून लिहिलंस, की तुला खरंच तसं वाटतं?”

खरं तिच्या जिभेवर आलं होतं. पण कोचचं औषध! आत्ताच कुठं लागू पडत होतं.

“खरंच वाटतं,” ती म्हणाली. तेवढ्यानं भागेल न भागेल म्हणून वर आणखी एक पळी वाढली. “सगळ्यांनाच वाटतं. मी फक्त लिहिलं.”

एमेटनं मान हलवली. “बरं झालं, कुणीतरी तोंडावर सांगितलं.” पिशवी खांद्यावर घेऊन तो निघाला. त्याची ताठ पाठ बघून कॅसिडीनं मनातल्या मनात उडी मारली. पेटला!

शनिवारी सकाळी तिनं त्याच्या खोलीचं दार ठोठावलं. अर्धी खोली रिकामी होती. त्याचा जोडीदार ऑर्टेगा पलंगावर बसला होता. त्यानं तिला आत बोलावलं नाही.

“गेला तो. काल कोचना सांगून आला, मी संघ सोडतो. संघ सोडला की शिष्यवृत्ती बंद. ती बंद झाली की कॉलेजही बंद.”

“पण का?”

“तू विचारतेस?” ऑर्टेगा तिच्याकडे बघतच राहिला. “कोचनी हाकललं असतं ना, तर नियमानं शिष्यवृत्ती शेवटपर्यंत त्याच्याच नावावर चालली असती, दुसऱ्या कुणाला देता आली नसती. शिकला तरी असता. पण हा वेडा स्वतःच्या पायांनी गेला. वर म्हणतो कसा, संघाचं भलं होईल.”

कॅसिडी धावत सुटली. कोचना सांगायला हवं. कोच गाडी काढतील, त्याला परत आणतील, सगळं उलगडून सांगतील. तिचं औषध जरा जास्त झालं, एवढंच. ती मैदानावर पोचली तेव्हा कोच कुठंच दिसेनात. विलो बेंडची जर्सी घातलेला एक अनोळखी मुलगा मात्र एकामागून एक चेंडू दोन खांबांच्या बरोबर मधून धाडत होता.

“तूच ना ती लेख लिहिणारी?” त्यानं हात पुढे केला. “कसलं लिहितेस गं! मी नवा किकर. टेक्सासहून आलोय.”

“इतक्यात?” कॅसिडीला धाप लागली होती. “जागा तर काल रिकामी झाली.”

“काल?” तो मनमोकळं हसला. “कोच मला जूनमध्येच म्हणाले होते, मोसमाआधीचा लेख तेवढा छापून येऊ दे, जागा आपोआप रिकामी होईल.”