रंगाचा हात

नूतनने खोक्यातून भैरोबाचा लाकडी मुखवटा काढला आणि देवकीबाईंच्या मांडीवर ठेवला. नूतन जिथे काम करायची त्या राज्याच्या वारसा कार्यक्रमात वर्षभर गावोगाव फिरून तो बोहाड्याच्या, म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवासाठी घरी परतला होता.

“कसा उजळलाय बघा, मावशी! वरचे रंगाचे सगळे थर काढले आम्ही. खाली मूळ पिवळा निघाला. लोक रांगा लावून बघत होते.”

देवकीबाईंनी मुखवट्याच्या गालावरून बोट फिरवलं. मग त्याच्या कानामागे काहीतरी चाचपलं.

“दर बोहाड्याला घरचा कर्ता याला रंगाचा एक हात देतो,” त्या हळूच म्हणाल्या. “खालचे हात सासऱ्यांचे. वरचा तांबडा आमच्या ह्यांचा. जायच्या आधी, आजारपणात दिलेला. हात थरथरत होता, म्हणून कानापाशी ओघळला होता.”

नूतनला तो ओघळ आठवला. तोच काढायला सगळ्यात चिवट होता. कापसाचे बोळे तांबडे होऊन कचऱ्यात जात होते, आणि शेवटी मूळ पिवळा दिसला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“चुकलंच आमचं, मावशी. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.” “यंदा मुलगा देईल ना रंग?”

“देईल की. पहिलाच हात त्याचा. बापाच्या रंगावर पडला असता.”

देवकीबाईंनी मुखवटा पदराने पुसला. मग एकदम आशेने वर पाहिलं.

“ताई, ज्या कापसानं रंग पुसलात, तो ठेवलाय का हो कुठं?”