बंडूजीकडची सांबारवडी

"सांबारवडी खाशीन तं बंडूजीचीच खाजो," सुलोचनाकाकूंनी तारेच्या कुंपणावरून सांगितलं होतं. "बाकीचे कोथिंबिरीच्या नावावर नुसते देठं भरतेत. आर्वी नाक्यावरून आत वळली का पिंपळाखाली त्याचं दुकान आहे. संध्याकाळी जाजो, तवा गरम असते."

पौर्णिमा दिवाळीच्या तोंडावर बदली होऊन वर्ध्याला आली होती, जिल्हा परिषदेत कारकून म्हणून. नवरा रत्नदीप चंद्रपूरच्या वीजकेंद्रात. तो रविवारपुरता यायचा. गावात तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं. वर्धा तिला कळलं ते काकूंनी कुंपणावरून सांगितलं तेवढंच. भाजी गोल बाजारात, पण अगदी शेवटच्या ओळीत. तुरीची डाळ गिरणीतून. पाहुण्यासमोर ठेवायला गाईच्या तुपातला गोरसपाक. आणि एखाद्या दिवशी चूल पेटवायचा कंटाळा आलाच, तर स्टेशनसमोरच्या खानावळीतला झुणका. काकू भरभरून सांगायच्या. पौर्णिमाला कितीदा ती वस्तू नकोच असायची. पण विचारलं की काकू बोलायच्या, म्हणून ती विचारायची.

घरात मात्र काकू एकदाच आल्या होत्या. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं, आणि "बसत नाई वं, गॅसवर दूध ठेवून आली" म्हणत उंबऱ्यातूनच वळल्या. दिवाळीत पौर्णिमानं त्यांना करंज्यांचा डबा दिला. त्यांनी तो हसून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांची भांडेवाली मागच्या पायरीवर बसून त्याच करंज्या खाताना दिसली. डबा परत आला तो लख्ख घासलेला, आत साखर घातलेली.

तरी कुंपणाशी जायचं पौर्णिमानं सोडलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी तिनं पहाटेच उठून सांबारवडी करायला घेतली. कोथिंबिरीच्या जुड्या निवडल्या, खोबरं-खसखस भाजली, बेसनाच्या पाऱ्या लाटून, चिंचेचं बोट लावून वड्या वळल्या आणि तळल्या. रत्नदीपला ती जीव की प्राण. परात भरली आणि नाक्यावरचा एसटीडीवाला निरोप घेऊन आला: साहेबांची ड्यूटी बदलली, या आठवड्यात येणं नाही.

एकटीनं किती खायच्या? तिनं स्टीलचा डबा काढला, हातात धरून थोडी उभी राहिली, आणि परत फळीवर ठेवला. मागल्या हप्त्यात आणलेलं बंडूजीच्या दुकानाचं कागदी खोकं कोपऱ्यात पडलं होतं. वड्या तिनं त्यात भरल्या.

काकू अंगणात उन्हात बसल्या होत्या. शेजारी त्यांचे यजमान प्रभाकरराव पेपर वाचत होते. काकूंनी कुंपणाशी येऊन खोकं घेतलं, त्यावरचं नाव वाचलं, आणि तिथंच एक वडी तोंडात टाकली.

"अवो, इकडे या! बंडूजीकडची आहे. गरम आहे अजून."

प्रभाकररावही उठून आले. "वा," ते म्हणाले. "आज हात जमला त्याचा."

"मी काय म्हणत होती?" काकू दुसरी घेत म्हणाल्या. "अख्ख्या वर्ध्यात अशी भेटणार नाई."

त्यांच्या बोटांना तेल लागलं होतं. त्यांनी ते चाटलं. पौर्णिमा बघत राहिली. तिच्या हातचं या गावात रत्नदीपशिवाय कोणी असं खाल्लंच नव्हतं. आपल्याला राग यायला हवा, हे तिला कळत होतं. पण राग येत नव्हता. बरं वाटत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

"गुरुवारी माह्या घरी बायकांची भिशी आहे," काकू म्हणाल्या. "तू बी येजो. नि येताना त्याच्याकडून किलोभर घेऊन येजो. त्याले म्हणजो, खसखस अशीच टाक."

भिशीचं हसणं पौर्णिमानं आजवर कुंपणाअलीकडूनच ऐकलं होतं. आता नुसती मान हलवायची होती.

"काकू," ती म्हणाली, "ह्या बंडूजीच्या नाई. मी केल्या सकाळी."

काकूंचा घास गालात तसाच राहिला. प्रभाकररावांनी हातातल्या अर्ध्या वडीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि वडी हातात घेऊनच ते पेपरकडे वळले. काकूंनी घास गिळला. थुंकल्या नाहीत. खोक्याचं झाकण सावकाश लावलं, आणि ते तारेवरून पौर्णिमाच्या हातात परत दिलं.

"चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "मीठ जरासं जास्त झालं."

"हो काय?"

"जरासंच. नि बेसन पाकिटाचं नको घेत जाऊ. गिरणीतून दळून आणत जाय." पदराला हात पुसत त्या उन्हात जाऊन बसल्या. गुरुवारचं पुन्हा काही बोलल्या नाहीत.

पौर्णिमा आत आली. ओट्याशी उभ्याउभ्या तिनं खोकं उघडलं, एक वडी मोडून खाल्ली, आणि नीट चावून पाहिली. मीठ बरोबर वाटलं. मग आणखी एक खाल्ली. तिसरीला मात्र तिला काही कळेना. आणि घरात, जरा चाखून सांग म्हणावं, असं दुसरं कोणी नव्हतं.