कुंडीमागची खडीसाखर

दारापुढच्या ओट्याच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागली होती. प्रेमकुंवरबाईंनी कुंडी सरकवली. मागे खडीसाखरेचे खडे. मोजले. नऊ.

त्यांचं डोकंच फिरलं. या घरात कोणाला नुसतं पाणी देत नाहीत. पाण्याआधी हातावर खडीसाखर ठेवायची, ही सासूबाईंच्याही सासूपासूनची रीत. आणि गेले नऊ दिवस या ओट्यावर एकच माणूस येत होतं. सरकारी दवाखान्याची आशाताई, कमलबाई. पाणी प्यायला मास्क काढायचा म्हणून ती पाठ फिरवायची. म्हणजे पाठ फिरवून खडा कुंडीमागे सारत होती! एवढा माज?

येऊ दे उद्या. सोलूनच काढते.

भडगावात कोरोनाची ही दुसरी खेप होती. कमलबाईकडे एक यादी होती. कोरोना झाला तर ज्यांचं जड जाईल, त्यांची. वय साठच्या पुढे, शुगर, बीपी, दमा, हृदय, किडनी, अंगानं फार जाड. प्रेमकुंवरबाई एकाहत्तरच्या, वर बीपी. म्हणून रोज अकराला त्यांच्या दाराशी फेरी. दुसरं कोणी फिरकत नव्हतं. मुलगा रोनक पुण्याला, रविवारी फोनवर तोंड दाखवायचा. त्यांचे यजमान शेठ इंदरचंद गेल्या भादव्यात, पहिल्या खेपेला गेले. त्यांना शुगर होती. स्वतःच्या पायानं गाडीत चढून जळगावला गेले. परत आली ती फक्त चष्म्याची डबी.

दुसऱ्या दिवशी अकराला प्रेमकुंवरबाई पदर खोचून दारातच उभ्या होत्या.

"बठ्ठं बरं शे ना, अक्का?" सगळं बरं ना, हे ती रोज अहिराणीतच विचारायची. तिनं त्यांच्या बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावलं. "सत्त्याण्णव. खोकला? ताप?"

"ते राहू दे. आधी पाणी पी."

हातावर खडा ठेवला. पितळी तांब्या पुढे केला. कमलबाईनं पाठ फिरवली. प्रेमकुंवरबाई टक लावून बघत होत्या. खडा गेला कुंडीमागे. जीभ सुटणार, तेवढ्यात तांब्या वर झाला. वरच राहिला. घटाघट, घटाघट. अख्खा तांब्या एका दमात रिकामा.

"अजून थोडं द्या ना, अक्का. ऊन फार शे."

दुसरा तांब्याही तसाच गेला. प्रेमकुंवरबाईंची नजर खाली उतरली. कमलबाईच्या चपलेत अंगठ्याला चिंधी बांधलेली. पहिल्या दिवशी होती तीच, आता पिवळी पडलेली.

शेठ असेच पाणी प्यायचे. शेठच्या अंगठ्याची जखम अशीच महिनाभर भरली नव्हती.

सोलायचं राहून गेलं. "पायाला काय झालं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"ठेच लागली, दुसरं काय."

"तुमच्यात शुगरवाल्या बायांनाही असंच दारोदार हिंडवतात का गं?"

कमलबाईनं मास्क नाकावर ओढला. "नाही. दोघींना घरी बसवलं."

"आणि तू?"

"माले काय व्हयनं?" ती हसली. मग पिशवी उचलता उचलता म्हणाली, "घरी बसून करू काय, अक्का? मालक गेले. पोरगा सुरतला. चार दारं फिरते तर चार माणसं बोलतात. तुम्ही टोचून का होईना, बोलता."

ती गेली. प्रेमकुंवरबाई ओट्यावरच बसून राहिल्या. भाजी निवडायला घेतली. निवडलेली पानं कचऱ्यात गेली, काड्या ताटात राहिल्या.

दारावर चिकटवलेल्या कागदावर दवाखान्याचा नंबर होता. शाळा दुसरीतच सुटली, पण आकडे त्यांना वाचता येत. बोट ठेवून ठेवून त्यांनी फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, तुमची कमलबाई आजारी आहे. तिचं रक्त तपासा. पायाची जखम बघा. लोकांना धोका विचारत हिंडते, तिला कोणी विचारलं का?"

"आपण कोण बोलताय?"

"नाव कशाला पाहिजे? लग्न जमवायचंय का?"

डॉक्टर हसले नाहीत. "शुगर निघाली तर तिला फिरतीवरून काढावं लागेल, आजी. तिच्या जागी द्यायला माझ्याकडे माणूस नाही. तुमच्या गल्लीत मग कोणी येणार नाही. फोनवरच विचारपूस होईल."

प्रेमकुंवरबाईंनी ओट्याकडे पाहिलं. पितळी तांब्या उन्हात तसाच होता.

"नाही आलं कोणी तर नाही," त्या म्हणाल्या. "माझं नाव मात्र तिला कळता कामा नये."

दुसऱ्या दिवशी अकराला कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तांब्या भरून ठेवायची सवय मात्र हाताला सोडवेना. दुपारी ते पाणी त्या कुंडीत ओतायच्या. एकदा दवाखान्यातून फोन आला. कोणी मुलगी होती. खोकला नाही, ताप नाही, ठीक आहे, ठेवते. उलटं एक बोलायला सवड दिली नाही मेलीनं.

पाचव्या दिवशी अकराला फोन वाजला.

"अक्का, मी कमल. फेरीत तुमचा नंबर लिहून घेतला होता मी, तो वहीत सापडला. कोणा मेलीनं सायबाकडे चुगली केली माझी! रक्त तपासलं, साडेतीनशे शुगर निघाली. साहेब म्हणे, अजून आठ दिवस गेले असते तर पाय गेला असता, आणि कोरोना झाला असता तर मीच गेले असते. घरी बसवलं. भिंतीकडे बघत बसते, अक्का. ती बया सापडू दे मला, जीभच हासडते तिची!"

प्रेमकुंवरबाईंशी असं कोणी आयुष्यात बोललं नव्हतं. सासूचीसुद्धा हिंमत झाली नव्हती.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"खाऊन घेतलीस?"

"हो ना, अक्का."

प्रेमकुंवरबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि भिंतीला नीट टेकून बसल्या.

"मग आता दे तिला शिव्या. सावकाश दे. उरतील त्या उद्या अकराला दे."