तिसरा व्हॉल्व्ह

नागपूरहून आई आली, तिने हॉलमध्ये देव मांडले आणि त्याच आठवड्यात कॅनडातल्या बर्नाबीच्या घराचा खालचा मजला गार पडला. घर तापवणाऱ्या पाइपांत गरम पाणी सोडणारा व्हॉल्व्हच बाद झालाय असं ठरवून परीक्षितने तो बदलला, मग त्याहून महागडा बसवला. फरक शून्य.

"आता तरी टेक्निशियन बोलव," बायको म्हणाली.

"घरात इंजिनियर असताना?" म्हणत त्याने तिसरा ऑर्डर केला. तोही बसवून बेसमेंटमधून वर आला, तर स्वेटरवर शाल पांघरून आई देवांपुढे हात जोडून बसलेली, आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट एकोणतीस डिग्री दाखवत, घर तापलंय अशा समजुतीत व्हॉल्व्ह बंद करून बसलेला.

थर्मोस्टॅटच्या बरोब्बर खाली समई होती. दर नव्या व्हॉल्व्हला यश यावं म्हणून आई तिच्यात एकेक वात वाढवत होती.