रवीच्या ओळखी

पहिला पट्टा मानेवर बसला तेव्हा रवी विजेच्या पॅनलचं दार उघडून उभा होता. तो पुढे गेला आणि कपाळ लोखंडी चौकटीवर आदळलं. वळून पाहिलं तर किसनसिंग. कापसाच्या जिनिंगचा मुकादम, दुपारी रवीच्याच डब्यातली भाकर मोडून खाणारा. हातात यंत्राचा जुना रबरी पट्टा दुमडून धरला होता.

"मोबाईल काढ," किसनसिंग म्हणाला.

रवीने खिसा झाकला. दुसरा पट्टा त्या हातावरच आला. यंत्रं धडधडत होती. आज ती बंद करू नका, असं शेठनेच सांगितलं होतं. त्या आवाजात माणूस ओरडला तरी सरकीच्या गोदामापर्यंत ऐकू जात नव्हतं.

रवी इथे वायरमन होता. इतकी वर्षं राबूनही शेठने त्याला अनुभवाचा कागद दिला नव्हता. दिला तर पोरगा मानोरा सोडून जाईल, हे शेठला कळत होतं. शेवटी अकोल्यात नोकरीला असलेल्या बहिणीने, धम्मदीपाने, त्याला नोकरीच्या एका साइटवर खातं काढून दिलं. "रोज नव्या लोकाईशी ओळख वाढव, दादा," ती म्हणाली होती. "आपून काय काम करतो ते लिहीत जाय. लोकं पाह्यतात." रवी लिहीत गेला. पुण्याचे, नाशिकचे इंजिनियर जोडले गेले. मग एके दिवशी त्याने फोटो टाकला, यंत्रांना स्वतः बसवलेल्या संरक्षक जाळ्यांचा आणि यंत्र झटक्यात बंद करणाऱ्या लाल बटणांचा. खाली लिहिलं : एका मजूर बाईचा पदर रोलरात गेला, बाई वाचली नाही, त्यानंतर हे काम मी केलं.

ती बाई म्हणजे गोमती, किसनसिंगची भावजय. शेठच्या कागदात ती ट्रॅक्टरवरून पडून मेली होती. पडताना मी डोळ्यांनी पाहिली, असा जबाब किसनसिंगनेच दिला होता. रवीच्या ओळखीतल्या कुणीतरी तो फोटो पुढे पाठवला, त्याने आणखी कुणाला, आणि काल कारखाने तपासणीचे सरकारी साहेब गाडी घेऊन दारात उभे राहिले.

"काढून टाक ते. आत्ता, माह्यासमोर."

"काढलं तरी राह्यते, किसनभाऊ. लोकाईनं पुढं धाडलं."

"मंग कायले मार खाऊन राह्यला?"

"नाशिकच्या कंपनीवाल्यानं ते पाहूनच बोलावलं मले. सोमवारी. तेच माह्यं सर्टिफिकेट हाय. दुसरं काय हाय माह्यापाशी?"

किसनसिंगने त्याला केसांना धरून ओढलं आणि पोटात लाथ घातली. रवी रुईच्या ढिगात तोंडावर पडला. श्वास घेताना रुई नाकात गेली. फुटलेल्या ओठाचं रक्त तिने टिपून घेतलं आणि ती तशीच ओठाला चिकटली. तो उठायला लागला तसा पट्टा पाठीवर आला, मग बरगडीवर, मग कानावर. किसनसिंग मोजत नव्हता. त्याला दम लागला होता.

"शेठ म्हणते, उजवा हात," तो म्हणाला. रवीच्या कोपरावर त्याने गुडघा रोवला आणि पॅनलजवळ पडलेला पाना उचलला. "काढतं का?"

"नाई."

पाना बोटांवर पडला. रवीचं सगळं अंग ताठ झालं. दुसऱ्यांदा पडला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे अंधार आला.

शुद्ध आली तर किसनसिंग शेजारी रुईत फतकल मारून बसला होता. रवीचाच डावा अंगठा लावून त्याने मोबाईल उघडला होता. पडद्यावर तो जाळ्यांचा फोटो होता. खाली सगळं इंग्रजीत.

दारातून शेठचा आवाज आला. "झालं का?"

"झालं," किसनसिंग ओरडला. शेठ निघून गेला. मग त्याने मोबाईल रवीच्या तोंडापुढे धरला. "हे खाली काय लिहून राह्यले लोकं?"

रवीचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्याने त्याने पाहिलं. "हा म्हणते, चांगलं काम केलं."

"पुढं."

"हा म्हणते, मालकावर केस करा."

"पुढं वाच."

"हे बाई हाय एक. चेन्नईची." रवी थांबला, रक्त थुंकला. "ते विचारते, मेली ते बाई कोण व्हती. तिचं नाव काय."

किसनसिंग पडद्याकडे बघत राहिला. एकही अक्षर त्याला लागत नव्हतं.

"मंग तू काय सांगतलं?"

"काहीच नाई."

"काहून?"

"नाव सांगतलं असतं तं तुह्या जबाबावर आलं असतं. तू आत गेला असता."

यंत्रं चालूच होती. किसनसिंगने पाना बाजूला सारला. पाना घसरत पॅनलपर्यंत गेला. मग किसनसिंगने मोबाईल रवीच्या डाव्या हातात दिला.

"लिही."

"काय?"

"गोमती गोविंदसिंग. ट्रॅक्टरवरून नाई पडली ते. मी तिथंच व्हतो, लिही. किसनसिंगनं पाह्यलं म्हणून लिही."

रवी डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर शोधू लागला. पडद्यावर रक्त लागत होतं, ते तो सदऱ्याला पुसत होता. किसनसिंगने त्याचा मोडलेला हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तो हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसला.