कॅमेरा कुठं असंल?

बिळाच्या तोंडाशी कोल्हीण आली, तसा वामनरावांनी हात वर करून पाहुण्यांना गप्प केलं. केशवरावांचा हात पोह्यांच्या बशीतच थांबला. ते आपल्या भाच्याचं, राजकुमारचं स्थळ घेऊन बोथहून तामसीला आले होते. मुलीच्या बापानं मुलाकडं पाहायचं सोडून टीव्हीकडं पाहत बसावं, हे त्यांना नवीन होतं. गावाला नव्हतं.

वामनराव जंगलाचे कार्यक्रम आवाज बंद करून पाहत. मध्येमध्ये बोलणारा माणूस त्यांना नको असे. वाघानं हरीण धरलं की घरचे हळहळत आणि वामनराव म्हणत, "ते जाऊ द्या. कॅमेरा कुठं असंल?" एकदा सुगरणीच्या खोप्याच्या आतलं चित्र दिसलं, तर ताटातली भाकर वाळून गेली तरी ते हलले नाहीत. धो धो पावसात कॅमेऱ्याची काच कोरडी कशी राहिली, पाखरू यायच्या आधीच त्याच फांदीवर नेम कसा लागला, यावर ते बांधावरही बोलत. कापूस वेचणाऱ्या बाया तोंड फिरवून हसत.

पडद्यावर कोल्हिणीनं इकडंतिकडं पाहिलं, वारा हुंगला. मग एकेक पिल्लू उजेडात आलं.

"पाहा," वामनराव म्हणाले. "इतक्या जवळून घेतलं, पन तिले पत्ता तरी हाये का? याले म्हनतात शुटिंग! नाहीतर ते लग्नातले. डोळ्यावर लाईट मारतेत अन् नवरीले म्हनतेत, पुन्हा रड."

सगळे खाली पाहू लागले. राजकुमारचा बोथला लग्नाच्या शुटिंगचाच स्टुडिओ होता. या घरातल्या थोरल्या मुलीच्या, सुनयनाच्या लग्नाचं शुटिंग त्यानंच केलं होतं. तेव्हा धाकट्या शीतलनं त्याला पाहिलं होतं, आणि आता आईला सांगून ठेवलं होतं की करीन तर याच्याशीच. कौशल्याबाईंना पोरगा पसंत होता. अडलं होतं ते एका वामनरावांपाशी. आणि त्यांचा नकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दगड हा शब्द त्यांना तसाही चिकटलेला होता. सुनयनाच्या पाठवणीच्या वेळी ते मांडवात नव्हतेच. बापाच्या गळ्यात पडायला पोरगी सगळीकडं शोधत राहिली. गाडी सुरू झाल्यावर हे मिशीला पीळ देत आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हळू घेजो." बस्स. सुनयना अजून माहेरी आली की ऐकवते, "कापसाचा भाव पडला तर बाबा रडतीन. माझ्यासाठी नाही."

"तुमी काढलं का कदी असं?" वामनरावांनी राजकुमारला विचारलं. "समोरच्याले पत्ता नाही असं?"

राजकुमार जरा घुटमळला. "एक हाये, काकाजी. कोनाले दाखवलं नाही. तुमी एकटे पाहा."

"एकटा काऊन? लाव टीव्हीवर! पाहू दे सगळ्याइले."

राजकुमारनं मामांकडं पाहिलं, मग शीतलकडं. शीतलनं त्याचा मोबाईल टीव्हीला जोडला. कोल्हीण गेली.

पडद्यावर याच घराचं मागचं अंगण आलं. ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या मोठ्या चाकाला डोकं टेकून एक माणूस उभा होता. फेटा हातात. खांदे गदगदत होते. फेट्याच्या शेवानं तो डोळे पुसायचा आणि पुन्हा चाकाला डोकं लावायचा. मग तो ट्रॅक्टरच्या आरशापुढं आला. फेटा चढवला. मिशीला पीळ दिला. कपाळावर आठी घालून पाहिली. ती काही बसेना. ओठ थरथरले, पुन्हा रडं आलं. पुन्हा डोळे पुसले, पुन्हा आठी घातली. या खेपेला बसली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि तो मांडवाकडं निघाला.

कौशल्याबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. केशवराव पोह्यांतले शेंगदाणे निरखत बसले. शीतलला वाटलं, झालं. आता बाबा पाहुण्यांना बसस्टँडचा रस्ता दाखवणार.

वामनराव उठले. टीव्हीच्या अगदी जवळ गेले.

"कॅमेरा कुठं होता?"

"कापसाच्या खोलीत," राजकुमार म्हणाला. "बॅटरी चार्जिंगले लावाले गेल्तो. खिडकीतून तुमी दिसले. मंग तसाच कापसात बसून राह्यलो."

"खिडकीचे गज कसे दिसले नाही?"

"दोन गजांच्या मधात भिंग टेकवलं होतं. म्हनून हाललं बी नाही."

वामनरावांची मान नकळत डोलली. मग त्यांनी घसा खाकरला. "लग्नाच्या शुटिंगमध्ये हे टाकलं काऊन नाही?"

"तुमी लपून रडले ना, काकाजी. ते तुमचं होतं."

वामनराव बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले. दुपारपासून पहिल्यांदाच पाहत होते. मग बायकोकडं वळले.

"शीतलच्या लग्नाले शुटिंगवाला दुसरा पाहा लागंन. नवरदेवाले टाइम कुठं भेटते?"

शीतलच्या हातातला मोबाईल पडता पडता राहिला.

"अन् त्या दिवशी ट्रॅक्टर शेतात नेऊन ठेवजा."

"ठेवू," कौशल्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पन मंग तुमी रडसान कुठं?"

वामनरावांनी कपाळावर आठी घालून पाहिली. ती बसली नाही.

"मांडवात," ते म्हणाले. "कॅमेरा कुठं बी असो."