तक्रार नोंदवली

मुलगा शहरभर एसी दुरुस्त करत फिरायचा आणि त्याच्या स्वतःच्या खोलीत गरम हवा ढवळणारा एक पंखा. "दिव्याखाली अंधार!" असं पुटपुटत भेटीला आलेले बाबा चार दिवस तापल्या पत्र्याखाली बसून होते. मुलगा दिसायचा तो फक्त झोपलेला. सकाळी बूट घालता घालता म्हणायचा, "बाबा, ऐन सीझन आहे हो, मरायलाही फुरसत नाही."

उद्या परतीची गाडी. शेवटी बाबांनी त्याच्या टी-शर्टवर छापलेला कंपनीचा नंबर फिरवला आणि खुशाल थाप मारली, "आमचा एसी बंद पडलाय. म्हातारा माणूस आहे, लवकर पाठवा मेकॅनिकला." पत्ता खोलीचाच दिला. पत्ता वाचून पोरगा कसा हसत सुटेल, या विचारानं त्यांनाच हसू फुटलं. त्यांनी तोंड धुतलं, इस्त्रीचा सदरा चढवला, शेजारणीच्या फ्रिजमधून गार पाण्याची बाटली मागून आणली.

तीनला दार वाजलं. बाबा लगबगीनं उठले.



"काका, एसी कुठंय?" घामानं निथळणारा, दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा दारात उभा होता.